तंजावरच्या चर्चासत्राला जायचे आहे : प्रवास, मुक्काम आणि गावातली ये-जा

मोडीवाचक | १४ नोव्हेंबर

नमस्कार. जानेवारीच्या २८, २९ आणि ३० तारखांना तंजावरला एक चर्चासत्र आहे आणि त्यासाठी माझा निबंध स्वीकारला गेला आहे. विषय तंजावरच्या भोसले दरबारातील मोडी कागदांचा असल्यामुळे चर्चासत्र आटोपल्यावर आणखी दोन-तीन दिवस राहून सरस्वती महाल ग्रंथालयातील काही कागद प्रत्यक्ष पाहावेत, असा बेत आहे. सोबत माझे मार्गदर्शक सर आहेत. त्यांचे वय ६८, एक गुडघा कायमचा दुखरा, आणि रात्रभर बसून प्रवास करणे त्यांना आता झेपत नाही. तरीही आगगाडी सोडून दुसऱ्या कशाने जायचे म्हटले की त्यांचा चेहरा उतरतो.

आम्ही साताऱ्याचे. पुण्याला जाऊन गाडी धरावी की मिरजेकडे उतरावे, इथपासूनच आमचा घोळ सुरू आहे. आयोजकांच्या पत्रात ‘तंजावर रेल्वेने व रस्त्याने उत्तम जोडलेले आहे, जवळचा विमानतळ तिरुचिरापल्ली’ एवढेच लिहिले आहे. चर्चासत्राची जागा गावात नाही; ती तिरुचीच्या रस्त्यावर, वल्लमच्या बाजूला आहे, आणि ग्रंथालय मात्र जुन्या राजवाड्यात, म्हणजे ऐन गावात. मुक्काम कुठे करावा, रोजची ये-जा कशी करावी आणि तमिळ अजिबात येत नसताना हे सगळे कितपत जमते, हे अनुभवी मंडळींनी सांगावे, ही विनंती.

कावेरीकाठ | १४ नोव्हेंबर

नोकरीनिमित्त मी अकरा वर्षे तिरुचीत काढली, त्यामुळे हा सगळा रस्ता माझ्या पायाखालचा आहे. आयोजकांचे वाक्य खोटे नाही, परंतु ते तमिळनाडूतल्या माणसासाठी लिहिलेले आहे. आपल्याकडून चेन्नई गाठणे सोपे. खरी दमणूक होते ती त्यापुढच्या सांध्यांवर, म्हणजे गाडी बदलण्याच्या ठिकाणी, आणि तोवर आपण एक रात्र गाडीत काढून आंबलेले असतो. म्हणून आधी सांधे समजून घ्या आणि मग गाडी निवडा.

चेन्नईहून तिरुचीकडे येणारे दोन लोहमार्ग विळुप्पुरमला फुटतात. जुना मार्ग चिदंबरम, मयिलाडुतुरै, कुंभकोणम अशी गावे घेत तंजावरला येतो आणि तिथून पुढे तिरुचीला जातो. रेल्वेची माणसे त्याला अजूनही ‘मेन लाइन’ म्हणतात. दुसरा मार्ग वृद्धाचलम आणि अरियलूरवरून थेट तिरुचीला पोहोचतो, तो ‘कॉर्ड लाइन’. त्याचे अंतर कमी असल्यामुळे वेगवान गाड्या, अगदी चेन्नईच्या एग्मोर स्थानकाहून सुटणारी तिरुनेलवेली वंदे भारतसुद्धा, त्याच मार्गाने धावतात आणि तंजावरला शिवतही नाहीत. नाव मेन लाइनचे आणि मान कॉर्ड लाइनचा, असा हा प्रकार आहे. त्यामुळे ‘चेन्नई ते तंजावर’ असे शोधले की गाड्या थोड्या दिसतात आणि माणूस घाबरतो. ‘चेन्नई ते तिरुची’ शोधले तर दिवसभर गाड्या आहेत, आणि तिरुचीहून तंजावर अवघे पन्नास-पंचावन्न किलोमीटर आहे. तेवढ्यासाठी पॅसेंजर गाड्याही आहेत आणि बस तर सतत सुटत असतात.

तुमच्या सरांसाठी माझे मत थेट गाडीच्या बाजूने आहे. रात्रीची उळवन एक्सप्रेस पहाटे तंजावरला पोहोचवते आणि दिवसाची चोळन एक्सप्रेस मेन लाइननेच येते. तिरुचीला उतरून सामान, जिना, पुन्हा गाडी, हे दुखऱ्या गुडघ्याला परवडणार नाही.

रूळकरी | १५ नोव्हेंबर

कावेरीकाठ यांनी मार्ग नेमका सांगितला आहे. मी चेन्नईतल्या सांध्यापुरते लिहितो, कारण मी स्वतः तिथे एकदा तोंडघशी पडलो आहे.

पुण्याहून चेन्नईला जाणाऱ्या गाड्या सोलापूर, वाडी, गुंतकल, रेणिगुंटा या वाटेने जातात. मुंबई–चेन्नई सुपरफास्ट आणि लोकमान्य टिळक टर्मिनसहून सुटणारी चेन्नई एक्सप्रेस या दोन्ही तुम्हाला पुण्यात मिळतील, आणि दोन्ही चेन्नई सेंट्रलला, म्हणजे आता ज्याला एम. जी. रामचंद्रन यांचे नाव आहे त्या स्थानकात, नेऊन सोडतात. दक्षिणेकडच्या गाड्या मात्र बहुतेक एग्मोरहून सुटतात. दोन्ही स्थानकांत दोन किलोमीटरसुद्धा अंतर नाही आणि मेट्रोच्या हिरव्या मार्गावर सेंट्रलच्या लगतचे स्थानक एग्मोरच आहे, त्यामुळे तो सांधा आता अवघड राहिलेला नाही.

अवघड भाग निराळाच आहे. एग्मोरच्या पुनर्बांधणीमुळे काही गाड्या अधूनमधून तांबरमहून सोडल्या जातात, आणि तांबरम म्हणजे शहराचे दक्षिण टोक. चार वर्षांपूर्वी मी तिकिटावर ‘चेन्नई’ एवढेच पाहिले आणि एग्मोरच्या फलाटावर निवांत इडली खात बसलो. माझी गाडी तांबरमहून वेळेवर निघून गेली. दोष सर्वस्वी माझा होता, तिकिटावर स्थानक स्पष्ट छापलेले होते. तेव्हा आरक्षण करताना एकदा आणि निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा, गाडी कोणत्या स्थानकाहून सुटते ते वाचावे.

आणखी एक. सरांना खालचा बर्थ हवा असेल तर त्यांचे तिकीट तुमच्यापासून वेगळे काढा. साठीपुढच्या पुरुषांसाठी खालच्या बर्थचा राखीव कोटा आहे, परंतु त्याच तिकिटावर त्या वयोगटात न बसणारा प्रवासी आला की तो कोटा मिळत नाही. भाड्यातली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, ती मात्र गृहीत धरू नका.

मिरजकर | १५ नोव्हेंबर

साताऱ्याहून पुण्याला उलटे वर जायचे आणि मग अख्खी दख्खन ओलांडून खाली यायचे, हे आमच्यासारख्या दक्षिण महाराष्ट्रातल्या माणसाला पटत नाही. मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेस दुपारी निघून दुसऱ्या दिवशी सकाळी बंगळूरला पोहोचते. दिवसभर बंगळुरात काढून संध्याकाळी म्हैसूरहून मयिलाडुतुरैकडे जाणारी गाडी घेतली, तर ती सेलम, ईरोड, तिरुची करत भल्या पहाटे थेट तंजावरला सोडते. दोन रात्री, दोन बर्थ आणि फक्त एकदाच गाडी बदलायची. शिवाय चढणे-उतरणे बंगळूरच्या एकाच स्थानकात.

गैरसोय दोनच ठिकाणी आहे. बंगळूरचा मधला दिवस सामानासकट कसा घालवायचा हे आधी ठरवावे लागते, आणि तंजावरला ही गाडी उजाडण्यापूर्वी पोहोचते. खोलीचा ताबा दुपारी मिळणार असेल तर सरांना सहा-सात तास प्रतीक्षालयात बसवून ठेवावे लागेल.

पाखरू | १५ नोव्हेंबर

आगगाडीप्रेमी मंडळींची क्षमा मागून विमानाची बाजू मांडते. तिरुचीच्या विमानतळाची नवी इमारत जून २०२४ पासून वापरात आहे, आणि पुण्याहून चेन्नई किंवा बंगळूरमार्गे दुपारपर्यंत तिरुचीत उतरता येते. तिथून तंजावरपर्यंत मोटार ठरवली की साधारण सव्वा ते दीड तास लागतो. मी मागे एकटी गेले तेव्हा मोटार केली नाही. विमानतळाबाहेर टाउन बस धरून टीव्हीएस टोलगेटच्या नाक्यावर उतरले आणि तिथे थांबणारी तंजावरची बस पकडली. पाठीवर एकच पिशवी असेल तर तो उत्तम मार्ग आहे, पेटी असेल तर नाही.

चेन्नईला उतरून पुढे रस्त्यानेच जायचा विचार कोणी करत असेल तर एक बदल लक्षात ठेवावा. दक्षिणेकडच्या सरकारी बस पूर्वी कोयंबेडूहून सुटत. डिसेंबर २०२३ च्या अखेरीस किळांबाक्कमचे नवे स्थानक सुरू झाल्यापासून त्या तिथून सुटतात. ते वंडलूरच्या पुढे, शहराबाहेर आहे, आणि जुन्या प्रवासवर्णनांच्या भरवशावर गेलेली माणसे अजूनही कोयंबेडूला जाऊन परततात.

हिशेबनीस | १६ नोव्हेंबर

महाविद्यालयाकडून प्रवासखर्च घेणार असाल तर विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी कार्यालयाची लेखी मंजुरी घ्या. केंद्रीय संस्थांमध्ये विमानाचे तिकीट ठरावीक अधिकृत प्रतिनिधींकडूनच काढावे लागते. तुमच्याकडे कोणता नियम लागू आहे हे आधी विचारा, मागाहून विचारून उपयोग होत नाही. बोर्डिंग पास, मोटारीची पावती आणि चर्चासत्राचे उपस्थितीपत्र हे तिन्ही कागद जपून ठेवा. माझे एक बिल केवळ उपस्थितीपत्रावर तारीख नव्हती म्हणून सात महिने फिरत राहिले. निरोप समारंभाच्या गडबडीत ते पत्र हातात पडते आणि कोणी वाचून पाहत नाही. तिथेच वाचा आणि तिथेच दुरुस्त करून घ्या.

मोडीवाचक | १६ नोव्हेंबर

सर्वांचे मनापासून आभार. सरांना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. विमानाचा परिच्छेद त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि ‘चोळन एक्सप्रेस दिवसा जाते ना?’ एवढेच विचारले. त्यांना कावेरीचा खोरेप्रदेश खिडकीतून पाहायचा आहे. चेन्नईत एक रात्र थांबून सकाळी चोळन धरावी, असे आता मनात आहे. मुक्कामाबद्दल मात्र अजून अंधार आहे. चर्चासत्राच्या जागेजवळ राहावे की गावात?

दक्षिणायन | १६ नोव्हेंबर

मी तंजावरच्या एका परिषदेला गेलो होतो आणि नव्या बस स्थानकाजवळच्या हॉटेलात उतरलो होतो. परिषदेची जागा तिरुचीच्या रस्त्यावर असेल तर तेच सोयीचे पडते. तमिळ विद्यापीठ काय किंवा त्याच्या पुढे तिरुमलैसमुद्रमचे सास्त्र विद्यापीठ काय, दोन्ही त्याच अंगाला आहेत. सकाळी नऊच्या सत्राला वेळेवर पोहोचायचे असेल तर गावातल्या अरुंद रस्त्यांतून वाट काढत बाहेर पडण्यात अर्थ नाही.

कावेरीकाठ | १६ नोव्हेंबर

दक्षिणायन यांच्याशी मी सहमत नाही, आणि कारण तुमच्या वेळापत्रकातच आहे. चर्चासत्र तीन दिवस, तेही सकाळी एकदा जाणे आणि संध्याकाळी एकदा परतणे. त्यासाठी आयोजक बहुधा गाडी ठेवतातच. उरलेले दिवस ग्रंथालय, मंदिर, जेवण, सगळे जुन्या गावात. नव्या बस स्थानकाजवळ राहिलात तर चार-पाच किलोमीटरची ती ये-जा दर वेळी तुमच्या माथी येईल.

तंजावरचा नकाशा डोक्यात बसवणे सोपे आहे. रेल्वे स्थानकातून बाहेर पडले की गांधीजी रोड उत्तरेकडे जातो. त्या रस्त्यावर राहण्याची ठिकाणे आहेत. थोडे पुढे कल्लणैचा कालवा ओलांडणारा पूल लागतो, पुलापलीकडे जुने बस स्थानक, तिथून डावीकडे मोठे मंदिर, म्हणजे बृहदीश्वराचे, आणि ईशान्येला ईस्ट मेन स्ट्रीटवर राजवाडा. स्थानकापासून मंदिर धडधाकट माणसाला पंधरा-वीस मिनिटांचे आहे. सरांना गांधीजी रोडवर, शक्यतो कालव्याच्या अलीकडे, खालच्या मजल्यावर किंवा उद्वाहक चालू असलेल्या इमारतीत खोली घ्या. ‘लिफ्ट आहे का’ एवढे विचारू नका, ‘आज चालू आहे का’ असे विचारा.

दोन बस स्थानकांचा घोळ तेवढा लक्षात ठेवा. गावातल्या टाउन बस जुन्या स्थानकातून सुटतात आणि बाहेरगावच्या बहुतेक गाड्या नव्या स्थानकात येतात. तिरुचीच्या रस्त्यावरून परतताना हात दाखवून बस थांबवाल तेव्हा ‘तंजावर?’ असे विचारून उपयोग नाही, कारण दोन्हीकडच्या गाड्यांचे वाहक होच म्हणतील. ‘ओल्ड बस स्टँड’ हे शब्द सर्वांना कळतात. तमिळमध्ये म्हणायचे तर जुने म्हणजे ‘पळैय’ आणि नवे म्हणजे ‘पुदिय’. टाउन बसच्या पाट्या बहुतेक तमिळमध्ये असतात, पण बसचा क्रमांक आकड्यांत असतो. तेव्हा हॉटेलातून निघताना वल्लमकडे जाणाऱ्या बसचे क्रमांक कागदावर लिहून घ्या. साध्या भाड्याच्या टाउन बसमध्ये २०२१ पासून महिलांना तिकीट लागत नाही. तुम्ही परप्रांतीय आहात म्हणून कोणी अडवत नाही. वाहक शून्य रकमेचे तिकीट देईल, ते घ्या.

रिक्षा मीटरने जात नाहीत. बसण्यापूर्वी भाडे ठरवा, आकडा बोटांवर दाखवा आणि ‘थांबणार की सोडून जाणार’ हेही आधीच बोलून घ्या.

अनुस्वार | १७ नोव्हेंबर

तारखांकडे अजून कोणी पाहिलेले दिसत नाही. तंजावरपासून सुमारे तेरा किलोमीटरवर तिरुवैयारु आहे. तिथे संत त्यागराजांची समाधी आहे आणि पौष वद्य पंचमीला, म्हणजे त्यांच्या पुण्यतिथीला, आराधना असते. देशभरातले गायक-वादक कावेरीकाठी एकत्र बसून पंचरत्न कीर्तने गातात. त्या दिवसांत तंजावरात खोली मिळणे कठीण होते, आणि चेन्नईहून येणाऱ्या गाड्याही भरलेल्या असतात. तेव्हा आधी पंचांग उघडून पाहा.

पोंगलची गर्दी तुमच्या तारखांच्या आधी ओसरेल, पण २६ जानेवारीची सुट्टी आहेच. आरक्षण आता साठ दिवस आधीच खुले होते, १२० नव्हे, त्यामुळे २५ तारखेच्या गाडीसाठी तुम्हाला २६ नोव्हेंबरच्या सकाळी बसावे लागेल.

हवामानाची चिंता मात्र करू नका. इथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. नोव्हेंबर २०१८ मधल्या ‘गज’ चक्रीवादळाने या जिल्ह्यातल्या नारळबागा झोपवल्या होत्या. जानेवारीअखेर आकाश निवळलेले असते. सकाळी हवा सुखद असते, पण दुपारी बाराच्या पुढे मंदिराच्या दगडी अंगणात अनवाणी उभे राहता येत नाही.

मोडीवाचक | १७ नोव्हेंबर

पंचांग पाहिले. तिथी नेमकी २७ जानेवारीला, म्हणजे आम्ही तंजावरला पोहोचायच्या दिवशी येते आहे! अनुस्वार, तुम्ही सांगितले नसते तर आम्ही स्थानकाबाहेर सामानावर बसून राहिलो असतो. आजच गांधीजी रोडवर तळमजल्याची एक आणि तिच्यावरची एक अशा दोन खोल्या दूरध्वनीवरून ठरवल्या.

ग्रंथालयाबद्दल कोणाला अनुभव आहे का?

कावेरीकाठ | १८ नोव्हेंबर

राजवाड्याच्या आवारात लोक जे पाहतात ते ग्रंथालयाचे छोटे संग्रहालय. वाचकांचे काम निराळे. तुमच्या महाविद्यालयाच्या पत्रासह आधी लिहून परवानगी मागा. पत्रात ‘मोडी कागद पाहायचे आहेत’ एवढे मोघम न लिहिता, छापील सूचीतून काढलेले नेमके क्रमांक द्या. हा संग्रह १९१८ पासून सर्वांना खुला आहे आणि नुसत्या मराठी हस्तलिखितांचीच संख्या तीन हजारांच्या घरात जाते, तेव्हा क्रमांकाशिवाय मागितलेले काहीही हाती यायला वेळ लागणार. तुम्हाला तिथे जे दोन-तीन दिवस आहेत त्यात सुट्टी येते का, हेही त्याच पत्रात विचारून घ्या. सरांना मोडी वाचताना पाहून तिथली माणसे आपणहून मदत करतील, असा माझा कयास आहे.

मोठ्या मंदिराचा गाभारा दुपारी साडेबारा ते चार बंद असतो. मंदिराच्या प्राकाराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली कोरवून घेतलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख आहे, देवनागरीत. तो पाहण्यासाठी चार वाजल्यानंतरची वेळ धरा, ऊन उतरते आणि अक्षरे तिरप्या उजेडात वाचता येतात.

मिरजकर | १८ नोव्हेंबर

जाताना चोळन घ्या, पण येताना तरी आमच्या वाटेने या. काम संपलेले असते, बंगळूरचा मधला दिवस मग ओझे वाटत नाही, आणि मिरजेहून पुण्याकडची गाडी तुम्हाला घरी आणून सोडेल.

मोडीवाचक | ६ फेब्रुवारी

परवा परत आलो. ज्यांच्या सांगण्यावर आमचा प्रवास झाला त्यांना वृत्तांत देणे लागते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

पुण्याला एस.टी.ने स्वारगेटला उतरलो. तिथून पुणे स्टेशनला मेट्रोने जाता येते, परंतु सिव्हिल कोर्टला गाडी बदलावी लागते आणि स्थानके खूप खोल आहेत, म्हणून रिक्षाच केली. वेगळे तिकीट काढल्यामुळे सरांना खालचा बर्थ मिळाला. मला त्याच डब्यात, पण दुसऱ्या टोकाला, वरचा. चेन्नई सेंट्रलहून एग्मोर मेट्रोने तीन मिनिटांत आले. फलाटावरून भुयारी मेट्रोपर्यंत चालायला मात्र आम्हाला वीस मिनिटे लागली. सामान अधिक असेल आणि सोबत वयस्कर माणूस असेल तर तिथेही रिक्षाच बरी. रूळकरी यांचा सल्ला ऐकून आदल्या रात्री चोळनचे स्थानक पुन्हा तपासले आणि त्याच हिशेबाने सकाळी लवकर निघालो.

चोळनचा दिवस हा या प्रवासातला सर्वांत चांगला दिवस ठरला. चिदंबरम सोडल्यावर गाडी कोळ्ळिडम नदीचा लांबलचक पूल ओलांडते आणि मग दोन्ही बाजूंना भातखाचरे सुरू होतात. सांबा हंगामाचे भात कापणीला आलेले होते. काही शेतांत यंत्रे चालू होती, काही ठिकाणी रस्त्याच्या अर्ध्या रुंदीवर साळी वाळत घातलेल्या होत्या आणि मोटारी उरलेल्या अर्ध्या भागातून निमूट जात होत्या. आमच्या डब्यात आराधनेला निघालेले एक कुटुंब होते. त्यांच्यापैकी आजीबाई मयिलाडुतुरैपासून हलक्या आवाजात गुणगुणत होत्या, आणि कुंभकोणमला सरांनी त्यांना आपल्याकडचा शेंगदाण्याचा लाडू दिला.

मुक्कामाच्या वादात कावेरीकाठ यांचे म्हणणे आमच्यापुरते बरोबर निघाले. आयोजकांची बस सकाळी सव्वाआठला गांधीजी रोडवरून जात असे. परतीची बस मात्र शेवटचे सत्र लांबले तरी ठरल्या वेळी निघून जाई, आणि दुसऱ्या दिवशी नेमके तेच घडले. आम्ही रस्त्यावर उभे राहून पहिल्याच बसला हात केला, मी घाईत ‘तंजावर?’ विचारले, वाहकाने मान हलवली, शिट्टी फुंकली, आणि अर्ध्या तासाने आम्ही नव्या बस स्थानकात! इतके स्पष्ट लिहून ठेवलेले असताना ही चूक करणे मला फारच लागले. सरांनी मात्र तिथल्या टपरीवर सुंठीची कॉफी घेतली, दहा मिनिटे बाकावर पाय लांब केले आणि मग ‘पळैय, पळैय’ असे प्रत्येक वाहकाला स्वतः विचारत टाउन बस शोधून काढली. त्या बसमध्ये त्यांना तिकीट पडले आणि मला शून्याचे मिळाले. ते त्यांनी माझ्याकडून मागून घेऊन आपल्या वहीत डकवले आहे.

दक्षिणायन यांच्या बाजूनेही सांगायला हवे. आमच्यातले जे तीन जण फक्त चर्चासत्रापुरते आले होते, ते नव्या बस स्थानकाजवळ राहिले आणि त्यांचे काहीच अडले नाही. समारोपानंतर ते चालत जाऊन तिरुचीच्या बसमध्ये बसले.

ग्रंथालयाला डिसेंबरमध्येच सूची क्रमांकांसह पत्र पाठवले होते. मागितलेल्या अकरा नोंदींपैकी आठ पाहायला मिळाल्या, दोन दुरुस्तीसाठी गेलेल्या होत्या आणि एक क्रमांक माझाच चुकला होता. सुट्टीच्या दिवशी साडेचारला आम्ही मंदिरात गेलो. दगड अजून तापलेलेच होते, त्यामुळे सावलीच्या पट्ट्यातून भिंतीपर्यंत पोहोचलो. सरांनी हात पाठीमागे बांधून, एकेक ओळ मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पाचव्या-सहाव्या ओळीला मागून कोणीतरी ‘अजून सावकाश वाचा’ असे मराठीत म्हणाले. ते गृहस्थ तंजावरचेच, सात-आठ पिढ्यांपासूनचे. त्यांचा हेल आमच्या कानाला तमिळ वाटत होता आणि शब्द जुन्या बखरीतले. घरात मराठी बोलतात, पण लिपी तमिळ वापरतात, म्हणून ही भिंत आपल्याला कधी वाचता आली नाही, असे त्यांनी सांगितले. अंधार पडून मंदिराचे दिवे लागेपर्यंत सर वाचत होते आणि ते ऐकत होते.

परतीचा प्रवास मिरजकरांच्या वाटेने केला. बंगळूरला स्थानकाच्या सामानघरात पिशव्या ठेवल्या; त्यासाठी पिशवीला कुलूप असावे लागते, तेव्हा दोन लहान कुलपे बरोबर ठेवावीत.

हिशेबनीस | ६ फेब्रुवारी

वृत्तांत आवडला. उपस्थितीपत्रावर तारीख आहे ना?

मोडीवाचक | ७ फेब्रुवारी

आहे. माझ्या पत्रावर सरांचे नाव आणि सरांच्या पत्रावर माझे नाव होते, तेही तिथेच बदलून घेतले.